भुकेची मोजदाद आणि भुकेल्याचा हक्क





आजचा विषय तुमच्या पत्रिकेत छापला आहे. जगातल्या दुर्बळ देशांमध्ये अन्नाची तूट किती आहे हे कसं ठरवतात, आणि ठरवल्यावर मदत कशी पोचते, असा तो विषय. विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की सुदान, सोमालिया, गाझा ही नावं आम्ही बातम्यांत ऐकतो, हळहळतो. पण जोगेश्वरीच्या सभागृहात त्यांची चर्चा कशाला? याचं उत्तर आधीच देतो. भूक मोजण्याचं जे शास्त्र आज जगभर वापरलं जातं, ते घडवणाऱ्यांत एक माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. दुष्काळात माणसं मरू द्यायची नसतील तर काय करावं लागतं, हे महाराष्ट्राने ५० वर्षांपूर्वी करून दाखवलं. आणि तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. या सभागृहापासून दहा मिनिटांच्या अंतरावर अशी घरं आहेत जिथे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणी कमी खायचं हे ठरवावं लागतं.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. भूक मोजणं हे दयेचं काम नाही, ते हक्काचं काम आहे. मोजणी वेळेवर झाली नाही, किंवा झाली पण त्यानंतर देणं कोणावर बंधनकारक नसलं, तर ती मोजणी फाइलीत राहते आणि माणूस उपाशी राहतो. म्हणून मी तीन प्रश्न घेणार आहे. भूक कोण मोजतो? केव्हा मोजतो? आणि मोजल्यावर काय देतो?

पहिला प्रश्न. भूक कोण मोजतो?

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, सातारा, पुणे, नगरपासून खाली विजापूर-धारवाडपर्यंत पिकं करपली. सरकारने दुष्काळी कामं काढली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी धाडलं. हेच टेंपल दोन-तीन वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या दुष्काळात होते. तिथे त्यांनी बाहेरून भरपूर तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. ती बोलणी त्यांनी मनात ठेवली असावीत. कारण या वेळी त्यांनी ठरवलं की खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या धडधाकट मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. हे माप आलं कुठून? मजुराच्या पोटाकडून आलं नाही, खजिन्याकडून आलं.

मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्यावर काय केलं? ते कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांचा संप ही साधी गोष्ट नव्हे. त्यांच्या बाजूने पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, ते आणि त्यांचे सहकारी गावोगावची खबर गोळा करून सरकारपुढे मांडत होते. म्हणजे त्या वर्षी एकाच दुष्काळाच्या दोन मोजण्या चालू होत्या. एक सरकारची, दुसरी लोकांची. आणि तिसरीकडे जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवत होते, सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून तिथल्या हालअपेष्टा पत्रातून कळवत होत्या. ज्यांनी मुलांच्या ताटात भाकरी वाढली त्यांना भूक किती आहे हे टेंपलसाहेबांपेक्षा नक्की ठाऊक होतं.

त्या दुष्काळात ब्रिटिश मुलुखात ५० लाखांहून अधिक माणसं मेली, हा खुद्द सरकारच्या दुष्काळ आयोगाचा अंदाज. आणि त्याच काळात आपल्या बंदरांतून धान्य परदेशी जातच होतं.

या सगळ्यातून पुढे फॅमिन कोड आला. १८८० चा आयोग, आणि १८८३ पासून प्रांतोप्रांतीचे कोड. तो कोड कंजूष होता, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. दुष्काळ पडल्यावर अधिकाऱ्याने काय करायचं हे पहिल्यांदाच लिहून ठेवलं गेलं. आणि एकदा लिहिलं गेलं की लोक त्याचा जाब विचारू शकतात. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी नेमकं तेच केलं. कोडाप्रमाणे रयतेला काय मिळायला हवं हे 'केसरी'ने मराठीतून सांगितलं, सार्वजनिक सभेची माणसं खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना समजावू लागली. परिणाम काय झाला? सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. विचार करा. सभेने सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखवला होता.

आता त्या सातारच्या माणसाकडे येतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. पुण्यात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात पारंगत झाले. परत आल्यावर त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी पिकाचा अंदाज बांधण्याची रीत बदलली. तोवर तलाठ्याने आणि मामलेदाराने बांधावर उभं राहून डोळ्यांनी ठरवायचं, पीक किती आणे आलं. यांनी सांगितलं की डोळ्यांवर विसंबू नका. शेत कोणतं घ्यायचं ते नशिबावर सोडा, म्हणजे चिठ्ठी काढून निवडा. त्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखा, तो कापा, मळा आणि तराजूत घाला. पीक कापणी प्रयोग म्हणून आज जे गावोगाव चालतं त्याच्यामागे ही बुद्धी आहे.

पुढे १९५१ ते १९७० सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. तेव्हा जगात एक मोठा दावा चालत होता. याच संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी म्हटलं होतं की जगातली दोन-तृतीयांश माणसं उपासमारीत आणि कुपोषणात आयुष्य काढतात. ऐकायला भयंकर, पण हिशेब कुठे होता? सुखात्मे यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडला. देशात एकूण धान्य किती, भागिले माणसं किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरासरीच्या पोटात श्रीमंताचं उष्टं आणि गरिबाचं रिकामं ताट दोन्ही दडतात. म्हणून घराघरांत अन्न कसं वाटलं जातं ते त्यांनी हिशेबात घेतलं, आणि सांगितलं की पोटभर न मिळणारे दहा ते पंधरा टक्के आहेत. पण पोट भरूनही ज्यांचं पोषण होत नाही असे त्याहून कितीतरी जास्त, जगाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आहेत. उपासमार वेगळी आणि कुपोषण वेगळं, हा भेद तिथे ठसला. आजही ती संघटना दरवर्षी जगातल्या उपाशी माणसांचा जो आकडा देते, २०२४ सालचा तो सुमारे ६७ कोटींचा आहे, तो काढण्याच्या पद्धतीचं मूळ सुखात्मे यांच्या कामात आहे.

आणि गंमत नव्हे, अभिमानाची गोष्ट अशी की त्यांना आव्हान देणारेही मराठी जगातलेच होते. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ. १९७१ मध्ये त्यांनी दारिद्र्यावरचा अभ्यास काढला आणि दिवसाला माणशी २२५० कॅलरी ही रेषा धरली. सुखात्मे म्हणाले, माणसागणिक गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, सरसकट सरासरीची रेषा धरली तर उपाशी नसलेलेही उपाशी ठरतील. दुसरी बाजू म्हणाली, शरीर कमी अन्नावर जुळवून घेतं असं म्हणत गेलात तर उपासमारच नैसर्गिक ठरेल. हा वाद अनेक वर्षं चालला. मला त्या वादात जाऊन निकाल द्यायचा नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की रेषा कुठे ओढायची हा निव्वळ गणिताचा प्रश्न कधीच नसतो. रेषा दोन बोटं खाली सरकली की लाखो माणसं कागदावरून नाहीशी होतात.

मग आज भूक कशी मोजतात? एक पद्धत फार साधी आहे. आठ प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षभरात, पैसे नाहीत म्हणून, अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का? पौष्टिक खाता आलं नाही असं झालं का? तेच तेच मोजकं खाऊन दिवस काढले का? एखादं जेवण टाळावं लागलं का? भुकेपेक्षा कमी खाल्लं का? घरातलं धान्य संपलं होतं का? भूक लागूनही खाल्लं नाही असं झालं का? आणि अख्खा दिवस उपाशी काढला का? प्रश्न पहिल्यापासून आठव्यापर्यंत कसे उतरत जातात पाहा. काळजीपासून उपासापर्यंत. जगातल्या शंभराहून जास्त देशांत हे प्रश्न विचारले जातात.

पण हे प्रश्न कोणाला विचारायचे? आपल्याकडे दार वाजलं की घरातला कर्ता पुरुष पुढे येतो. तो म्हणेल, आमच्याकडे सगळे दोन वेळा जेवतात. तो खोटं बोलत नाही. त्याच्या ताटात पडतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात काय उरलं, हे फक्त वाढणारीला माहीत असतं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: भूक मोजायची तर शेवटी जेवणाऱ्या माणसाला विचारा. घरात ती बाई असते. गावात तो भूमिहीन असतो. जगात तो निर्वासितांच्या छावणीत असतो.

दुसरा प्रश्न. केव्हा मोजतो?

आज जगात उपासमारीची पाच टप्प्यांची एक मोजपट्टी वापरतात. २००४ मध्ये सोमालियासाठी ती तयार झाली. पहिला टप्पा म्हणजे ठीक, पाचवा म्हणजे दुष्काळमृत्यूंची साथ. पाचवा टप्पा जाहीर करायला तीन अटी लागतात. पाचातल्या एका घरात अन्नाची पराकोटीची वाण. दहातली तीन मुलं तीव्र कुपोषित. आणि दर दहा हजारांमागे दिवसाला दोन मृत्यू. नीट ऐका. जाहीर करण्यासाठी मृत्यू मोजावे लागतात. म्हणजे शिक्का बसतो तेव्हा माणसं आधीच मरत असतात. २०११ मध्ये सोमालियात नेमकं हे झालं. जुलैत घोषणा झाली. त्या आपत्तीत सुमारे अडीच लाख माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं. आणि मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे घोषणेच्या आधीच गेलेले होते. इशारे आधीपासून येत होते. मदत घोषणेची वाट पाहत होती.

त्यानंतर अशाच घोषणा झाल्या: २०१७ मध्ये दक्षिण सुदान, २०२४ मध्ये सुदानमधली झमझम छावणी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझा. सोमालियासह या चारही ठिकाणी पावसाने दगा दिला एवढंच कारण नव्हतं. युद्ध होतं, वाटा अडवलेल्या होत्या. धान्य जगात होतं, काही मैलांवर ट्रकांत होतं. आणि ज्यांच्या राज्यात हे घडतं त्यांना ते मोजलेलं आवडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुदानच्या सरकारने या मोजणीतून अंग काढून घेतलं. १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली, त्याची आठवण येते की नाही?

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर अमेरिकेने १९८५ मध्ये दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी एक यंत्रणा उभी केली. पाऊस, पीक, बाजारभाव, जनावरांच्या किमती यांवरून ती काही महिने आधी सांगायची की अमुक भागात अमुक महिन्यात अन्न संपेल. चाळीस वर्षं ती चालली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि यंत्रणा एका फटक्यात बंद पडली. काही महिन्यांनी ती अंशतः सुरू झाली. पण ज्या महिन्यांत सुदान जळत होतं त्याच महिन्यांत जगाने ही नजर मिटून घेतली होती.

आपल्याकडे हे 'केव्हा' कसं चालतं? आपली पद्धत आणेवारीची, आता पैसेवारीची. पन्नास पैशांच्या आत पीक आलं की गाव सवलतींना पात्र. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग वर्ष सरता सरता अंतिम. २०१६ पासून केंद्राच्या नव्या दुष्काळ संहितेत पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवाई असे निकष आले. २०२३ मध्ये त्यांच्या आधारे राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले, तेही ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. शास्त्र सुधारलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण पैसेवारी असो की उपग्रह, दोन्ही पीक मोजतात, पोट मोजत नाहीत. पीक बुडालं की शेतकऱ्याला सवलत मिळेल. पण त्याच्या शेतावर राबणाऱ्या मजूर बाईची मजुरी बुडाली, तिची नोंद कोणत्या रकान्यात?

आता जुन्या फॅमिन कोडातलं शहाणपण पाहा. त्यात अधिकाऱ्याला सांगितलं होतं, मृत्यूची वाट पाहू नका, आधीची लक्षणं ओळखा. धान्याचे भाव अचानक चढले. सावकार उधार देईना. भिक्षा मिळेनाशी झाली. चोऱ्यामाऱ्या वाढल्या. माणसं गाव सोडून वाट फुटेल तिकडे निघाली. दीडशे वर्षांपूर्वीची ही यादी. यातली एकही खूण पाहायला उपग्रह लागत नाही. वस्तीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, उधारीची वही किती जाड झाली. तो तुम्हाला महिनाभर आधी सांगेल.

तिसरा प्रश्न. मोजल्यावर काय देतो?

१९७२ चा दुष्काळ या सभागृहातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. माण-खटाव, सांगोला, बीड, उस्मानाबाद, नगर इथून त्या वर्षी मुंबईत आलेली कितीतरी कुटुंबं उपनगरांतच स्थिरावली. लागोपाठ वर्षं वाईट गेली आणि ७२ साली पिकंच हातची गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो आठवते? तिची भाकरी थापली की तडकायची, जनावरंही तोंड फिरवायची असं लोक सांगतात. आणि कामावर मिळणारी सुकडी. पण त्या वर्षी खरा आधार होता तो कामाचा. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं. डोक्यावर पाटी, हातात हातोडी, रखरखीत ऊन. मजुरी कमी होती, कित्येकदा आठवडेच्या आठवडे मिळायची नाही. जनावरं गेली, दागिने गेले. ते वर्ष सोसणाऱ्यांच्या यातना मी कमी लेखत नाही. पण पिकांची एवढी नासाडी होऊनही १८७६ सारखी माणसं मेली नाहीत.

त्याच १९७३ मध्ये इथिओपियाच्या वोलो प्रांतात हजारो माणसं उपासमारीने मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवलं की देशात धान्याची तशी मोठी तूट नव्हती. तूट होती वोलोच्या शेतकऱ्याच्या हातातल्या पैशाची. आणि तिथल्या सम्राटाच्या सरकारने ती गोष्ट दडपून ठेवली. परदेशी पत्रकारांनी ती जगापुढे आणली तोवर उशीर झाला होता.

फरक कशामुळे पडला? आपला पाऊस जास्त दयाळू होता म्हणून नव्हे. आपल्याकडे विधानसभेत आमदार जाब विचारत होते. वर्तमानपत्रं रोज लिहीत होती. मजूर कामासाठी आणि मजुरीसाठी मोर्चे काढत होते. आणि इथे, मुंबईत, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. मृणालताई तर आपल्या शेजारच्या गोरेगावच्या. लाटणं वाजवणारी बाई काय करत होती? ती भूक जाहीर करत होती. सरकारने जाहीर करायची वाट न पाहता.

याच काळात महाराष्ट्राने जगाला दिलेली गोष्ट घडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कायद्याचं मर्म काय? इथे भूक मोजायला अधिकारी येत नाही. जो कामाला येतो तोच सांगतो की माझ्या घरी गरज आहे. आणि तो आला की काम देणं सरकारवर बंधनकारक. देता आलं नाही तर बेकारी भत्ता. मोजणी आणि मदत यांच्यामध्ये कायदा उभा राहिला. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला त्याचं बीज हे.

आणि आता तुमच्याशी थेट संबंध. या योजनेला पैसा कुठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो याच्यासाठी. इथे बसलेल्या नोकरदारांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. महिन्याला २०० रुपये 'प्रोफेशन टॅक्स' कापला जातो. तो कापायला सुरुवात झाली ती माणच्या, आष्टीच्या, जतच्या मजुराला काम मिळावं म्हणून. शहराने खेड्यासाठी केलेला हा करार होता. ती भीक नव्हती, तो कर होता. दया मनात आली तर होते. कर दरमहा भरावा लागतो.

काय देतो या प्रश्नात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे मानाची. पन्नास-साठच्या दशकांत आपण अमेरिकेच्या पी. एल. ४८० च्या गव्हावर जगलो. १९६५-६६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन एकेक महिन्याचा हिशेब धरून जहाजं सोडत होते, आपण व्हिएतनामबद्दल काय बोलतो ते पाहून. आपल्याच देशाने २०२२ पासून अफगाणिस्तानला गहू पाठवला, पन्नास हजार टनांचं वचन देऊन. घेणाऱ्याच्या रांगेत उभा राहिलेला देश आज देणारा आहे. म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त. देताना अट घालायची नाही, मिंधं करायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नसावी.

आता जोगेश्वरी.

मार्च २०२० आठवा. टाळेबंदी लागली. रिक्षा थांबल्या, घरकामाच्या बायकांना सोसायट्यांच्या फाटकावर अडवलं, कारखान्यांना कुलपं लागली. आपल्या दारावरून जाणाऱ्या पश्चिम द्रुतगती महामार्गावरून माणसं पोरं कडेवर घेऊन चालत निघाली. फॅमिन कोडात लिहिलेली ती खूण, गाव सोडून निघालेली माणसं, आपण डोळ्यांनी पाहिली. त्या वेळी शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली, रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य आलं, वस्तीवस्तीत तरुणांनी चुली पेटवल्या. त्या सगळ्यांना मी नमस्कार करतो. पण त्याच वेळी काय दिसलं? ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना धान्य मिळालं. ज्यांच्याकडे नव्हतं, किंवा ज्यांचं कार्ड गावाकडे होतं, ते चालत निघाले.

आजही तेच आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात त्यातून साधारण सात कोटी लोकांना धान्य मिळतं. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणजे त्यानंतर जन्मलेली, वाढलेली, शहरात आलेली माणसं या हिशेबात नाहीत. शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये. बारांनी भागा. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. मजासवाडीत, मेघवाडीत, बेहरामबागेत पाच हजारांत खोलीचं भाडं तरी भागतं का? चार घरची धुणीभांडी करणारी बाई या मर्यादेच्या वर जाते. ती कागदावर सुस्थितीत ठरते. तिचं कार्ड केशरी असतं, पण त्यावर अन्नसुरक्षेचा शिक्का नसतो, आणि दुकानदार सांगतो, 'ताई, तुमच्या कार्डावर धान्य येत नाही.' ज्यांच्या कार्डावर येतं त्यांच्यापुढे वेगळीच अडचण. भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्रावर अंगठा उमटत नाही.

आणि मिळतं ते किती? माणशी महिन्याला पाच किलो. दिवसाला १६६ ग्रॅम. ते मोफत आहे, आणि ते मोलाचं आहे. त्याला कमी लेखू नका. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, दूध नाही. सुखात्मे यांनी सांगितलेला भेद आठवा. पोट थोडंफार भरेल, पोषण होणार नाही.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत एकदा जाऊन पाहा. सेविकेकडे एक अरुंद पट्टी असते, हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असलेली. मुलाचा डावा हात मोकळा सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल. साडेअकरा सेंटिमीटर घेर म्हणजे चार सेंटिमीटरहूनही कमी जाडीचा दंड. हीच पट्टी सुदानच्या छावणीत वापरतात, हीच मोखाड्यात आणि मेळघाटात वापरतात, हीच जोगेश्वरीत.

आता एकच आकडा सांगतो आणि थोडा वेळ गप्प राहतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांच्या आतली २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश आढळली. चारातलं एक. युद्धग्रस्त देशांत हे प्रमाण पंधरा टक्क्यांवर गेलं की मदत संस्था ती स्थिती अत्यंत गंभीर मानतात. आपल्याकडे दुष्काळ नाही, आपल्याकडे तशी माणसं मरत नाहीत, मृत्युदराची अट आपल्याला लागू होत नाही, हे खरं आहे आणि महाराष्ट्राची तुलना मी सुदानशी करत नाही. पण हा आकडा दुसऱ्या देशातून आला असता तर आपण निधी गोळा केला असता. तो आपला आहे, म्हणून तो अहवालात राहिला.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही तुमच्या हातातल्या.

पहिली, मोजा. महिला मंडळांनी, गणेश मंडळांनी, महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी ते आठ प्रश्न घेऊन आपल्या वस्तीतल्या शंभर घरांत जावं. उत्तर घरातल्या बाईकडून घ्यावं. नावं उघड करू नका, आकडे उघड करा. ते नगरसेवकाच्या, आमदाराच्या, शिधावाटप अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा.

दुसरी, कायदा वापरा. अन्नसुरक्षा कायद्यात रेशन दुकानासाठी दक्षता समिती आहे, सामाजिक अंकेक्षण आहे, तक्रार निवारण अधिकारी आहे. तुमच्या दुकानाच्या दक्षता समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे उद्या सकाळी जाऊन विचारा. टिळकांच्या काळात फॅमिन कोड वाचून दाखवणं सरकारला गुन्ह्यासारखं वाटत होतं. आज कायदा वाचून दाखवणं तुमचा अधिकार आहे. तो वापरला नाही तर तो हळूहळू नाहीसा होतो.

तिसरी, मागणी करा. उत्पन्नाची ५९ हजारांची मर्यादा बदला, यादी आजच्या लोकसंख्येवर करा, अंगठा न उमटणाऱ्याला त्याच दिवशी धान्य द्या, रेशनवर डाळ आणि तेल द्या. आणि जेव्हा जगातल्या कुठल्याही छावणीत उपासमारीचा इशारा मिळेल, तेव्हा आपल्या देशाने घोषणेची वाट न पाहता धान्य पाठवावं, हेही मागा.

१८७७ मध्ये माप खजिन्याने ठरवलं आणि माणसं मेली. १९७३ मध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन मोजायला लावलं आणि माणसं जगली. भूक निसर्ग आणतो, युद्ध आणतं, महागाई आणते. पण भुकेने मरू देणं हा नेहमी माणसांचा निर्णय असतो. तो निर्णय आपल्या नावाने होऊ देऊ नका. व्याख्यान संपल्यावर दाराशी ते आठ प्रश्न छापलेला कागद ठेवला आहे. जाताना घेऊन जा, आणि या आठवड्यात किमान एका घरी ते प्रश्न विचारा.